घळीतलं सांबर

"मग अजून माझ्यात कमी तरी काय आहे, महाराज?"

मार्तंडाने हे विचारलं तेव्हा केवलगिरी महाराज मठाच्या पायरीवर बसून वहाणेचा अंगठा शिवत होते.

घाटाखालच्या एका गावाने नवं देऊळ बांधलं होतं. तिथे राहून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा कुणीतरी गावाला हवा होता, आणि त्यांनी मार्तंडाचंच नाव घेतलं होतं. मार्तंडाची वाणीही तशीच होती. समोर काहीही ठेवा, तो त्यातून बोध काढून दाखवायचा. मठात येणारी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. आता फक्त गुरूंनी 'जा' म्हणायचं बाकी होतं.

महाराजांनी दोरा दाताने तोडला.

"कमी काहीच नाही. अंधारी घळ पाहिलीस कधी?"

"वरून पाहिलीय."

"चल, आज आत उतरू. पावसाळा सरलाय. जनावरं पाण्यावर येतात. बघू, काय काय दिसतंय."

मार्तंड खुशीत निघाला. ही परीक्षा आहे हे त्याने ताबडतोब ओळखलं, आणि परीक्षेला तो कधीच भ्याला नव्हता.

कुणी कुऱ्हाडीने डोंगर उभा फोडावा तशी ती घळ होती. दोन्ही अंगांना काळे कडे, आणि वर आभाळाची एक चिंधी. खाली उतरावं तसा गारवा अंगाला झोंबू लागला.

एका सुळक्यावर गिधाड पंख पसरून उन्हाला बसलं होतं.

"बघा महाराज, मढ्यांवर जगणाऱ्यालाही ऊन हवंसं वाटतं. आसक्ती म्हणतात ती हीच."

"हं."

पुढे एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेपावलं.

"हे आपलं मन. एका फांदीवर ठरेल तर शपथ!"

"हं," महाराज मान वर करून बघत राहिले. "शेपटी काय झुपकेदार आहे रे त्याची!"

मार्तंड जरा खट्टू झाला. पण घळ लांब होती, आणि त्याच्यापाशी बोलायला पुष्कळ होतं.

वळणावर मात्र महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

समोर डोह होता. डोहात छातीभर पाण्यात एक सांबर उभं होतं. थकलेलं. नाकपुड्या फुललेल्या, मांडीतून रक्त पाण्यात उतरत होतं. काठावर तांबूस रानकुत्र्यांची टोळी बसली होती. कुणी भुंकत नव्हतं. मधूनच एखादं बारीक शीळ घाली, दुसरं तिला उत्तर देई, आणि पुन्हा सगळं गप्प.

मार्तंडाच्या ओठांवर शब्द आले. हा जीव, हा संसाराचा डोह, काठावर टपलेला काळ... इतका नेटका दृष्टांत त्याला जन्मात सापडला नव्हता.

तेवढ्यात सांबराने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

शब्द तसेच राहिले. त्याने खाली वाकून दगड उचलला.

त्याला वाटलं, महाराज अडवतील. महाराजही वाकले. त्यांनी त्याहून मोठा दगड उचलून त्याच्यापुढे धरला.

"हा घे. तो लहान आहे."

"महाराज?"

"नेम धरून मार. पण त्याआधी तिकडे बघ."

त्यांनी हनुवटीनेच पलीकडची कपार दाखवली. कपारीच्या तोंडाशी पिल्लं होती, एकमेकांच्या अंगावर चढत, डोहाकडे बघत. पोटं खपाटीला गेलेली. त्यांच्याजवळ एक कुत्री उभी होती. तिच्या फासळ्या इथून दिसत होत्या.

मार्तंडाचा हात वर गेला. तसाच राहिला...

त्याने सांबराकडे पाहिलं. मग पिल्लांकडे. मग पुन्हा सांबराकडे.

"महाराज, तुम्ही सांगा ना!"

महाराजांच्या हातातला दगड अजून त्याच्यापुढेच होता.

एकाएकी पाणी उसळलं. सांबराने काठावर झेप घेतली, एका कुत्र्याला शिंगांनी उडवलं आणि ते घळीत वरच्या अंगाला सुटलं. शीळ घालत सगळी टोळी मागे धावली. दगड गडगडले. वळणापलीकडे आवाज लहान लहान होत गेला... आणि थांबला.

कपारीतली कुत्री कान टवकारून उभी होती. मार्तंडही तसाच उभा होता.

शेवटी त्याने हातातला दगड खाली टाकला.

"वाचलं असेल का हो ते?"

"मला काय ठाऊक?"

"आणि वाचलं असेल, तर मग ही पिल्लं..."

महाराजांनी दगड हलकेच खाली ठेवला. डोहाच्या पाण्याने तोंड धुतलं, उपरण्याने पुसलं. त्यांचा चेहरा एकदम प्रसन्न दिसत होता.

"उद्या उजाडताच त्या गावाला निघ," ते म्हणाले.

मार्तंड दचकला.

"उद्या? आता? महाराज, आज सकाळी म्हणाला असतात तर नाचत गेलो असतो. आता जाऊन त्यांना काय सांगू? दगड हातात होता, आणि कुणाच्या बाजूने मारावा, तेही मला कळलं नाही!"

"हेच त्यांना विचार."