दारातला आकडा

"बंद कर म्हणते ना ते तुझं गारव्याचं यंत्र."

"मावशी, पंचवीस डिग्री आहे. हे बघा, इथं लिहिलंय. दमटपणा सत्तर. पुस्तकात आहे तेवढाच."

"मग पुस्तकातल्या आळ्या खात असतील. माझ्या सकाळपासून खात नाहीत."

कौतिकाबाई रेशमाच्या शेडमध्ये, उंबऱ्याच्या आत. प्रणिता वायभासे बाहेर, बूट घालून, दारालगतच्या आकड्यांच्या पेटीपाशी. तासभर हे असंच चाललं होतं.

प्रणिता मेकॅनिकलची इंजिनीअर. त्यावर आणखी दोन वर्षं खोल्या गरम-थंड ठेवण्याचंच शास्त्र शिकलेली. नोकरीत दवाखान्यांचे, मॉलचे आराखडे साहेबांनी काढले, हिनं नुसत्या रेघा ओढल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचं स्वतःचं म्हणावं असं काम हे एकच, तुतीच्या रानातली ही शेड. इथं जमलं तर आसपासच्या सहा शेडचं काम तिला मिळणार होतं. नाही जमलं, तर पुन्हा साहेबांच्या रेघा.

आणि कौतिकाबाई? शाळेची पायरी चढली नाही. अक्षरं शिकली खताच्या गोण्यांवरून, रेशीम शिकली आळ्या मरताना बघून. असं शिकलेलं कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

"कात टाकत असतील," प्रणिता म्हणाली. "तेव्हा खात नाहीत त्या. वाचलंय मी."

"कात परवाच टाकली. वाचलंस, आता बघ."

"इथून दिसतंय मला."

"काय दिसतं?"

"आकडा."

...

म्हातारीनं पायानं बादली पुढे सरकवली. चुन्याचं पाणी. आळ्यांच्या खोलीत पाय धुतल्याशिवाय कुणी जात नाही, मग जावई असो नाहीतर कलेक्टर. यंत्र बसवलं तेव्हा शेड रिकामी होती. आळ्या आल्यापासून प्रणिता एकदाही आत गेली नव्हती. आकडा बाहेरूनच कळावा, म्हणून तर तिनं हवा मोजायची नळी दाराशी लावली होती. या सोयीचा तिला अभिमान होता.

तिनं बूट काढले. पाय धुतले. आत आली.

पाच मजली मांडण्या, ओळीनं; मजल्या-मजल्यावर आळ्यांची ताटी. कौतिकाबाई तिला थेट मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली.

"वाक."

प्रणिता सगळ्यात खालच्या ताटीपाशी वाकली. तिथली हवा मिटल्या ट्रंकेसारखी होती. आळ्या माना वर करून गप्प बसल्या होत्या, पाला तसाच.

"वारा कुठं अडतोय बघायला हवं," ती हळूच म्हणाली. "उदबत्ती आहे का? कॉलेजात धुरावरूनच..."

"आळ्यांच्या खोलीत धूर? मारतेस त्यांना?"

म्हातारीनं मांडणीच्या चौकटीला बांधलेला मागच्या पिकाचा एक कोष काढला, त्याची रेशमाची सुटी तार ओढली आणि ताटीच्या काठाला टांगली.

तार हलली नाही.

तीच तार दारापाशी नेऊन धरली. तिथं ती मजेत झुलत होती.

...

प्रणिता भिंतीला टेकून खाली बसली. मागच्या भिंतीची खालची, हवा बाहेर जायची झडप तिनंच बंद केली होती, गारवा वाया जाऊ नये म्हणून. तिच्या हिशेबात खोली रिकामी होती. मांडण्या नव्हत्या, पाला नव्हता, श्वास घेणारं कुणी नव्हतं.

"काढून नेते मी हे सगळं. सहा वर्षं शिकले, पाण्यात गेली."

आता मात्र म्हातारी खवळली.

"काढून नेतेस? अन् ओली पोती कोण टांगणार, तुझे मास्तर?" तिनं दोन्ही तळहात पुढे केले. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, चिरलेली. "चौदा उन्हाळे पोती भिजवली, तासातासाला. तरी एका चैत्रात सगळी बॅच काळी पडून गेली. तुझं यंत्र लागलं, अन् या पिकाला उन्हाळ्यात पहिल्यांदा दुपारची पडले मी. तुला ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्यांचं भलं होवो, मी रोज म्हणते. ऊठ. शिकलीस ना? कर काहीतरी."

प्रणिता उठली. झडप उघडली. दोघींनी मिळून मांडण्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या. पंख्याचं तोंड तिनं दोनदा फिरवलं, मनाशी काहीतरी मोजलं, तिसऱ्यांदा फिरवलं. मग दाराशी लावलेली नळी काढून खालच्या ताटीला, तारेशेजारी बांधली.

तार हलली. आधी थरथरली, मग झुलायला लागली.

बऱ्याच वेळानं एक आळी पानाच्या कडेला आली. मग दुसरी. मग सुपात धान्य पाखडावं तशी बारीक सरसर सगळ्या ताट्यांतून सुरू झाली. सहा वर्षांत प्रणिता पुष्कळ यंत्रांचे आवाज ओळखायला शिकली होती. हा आवाज तिला कुणी शिकवला नव्हता. तिचे डोळे भरले, आणि ते लपवावेत असं तिला वाटलं नाही.

"मावशी... वारा इथं अडलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सरळ सांगायचं. तासभर माझ्याशी भांडलात कशाला?"

कौतिकाबाईनं तुतीची एक फांदी तिच्या हातात दिली.

"तू पाय धुवावेस म्हणून."