सात गाड्यांचं मूल

फार जुन्या काळची गोष्ट. समुद्र ओलांडून परक्या मुलखात आलेली सात कुटुंबं सात बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाली होती. तिकडे कसायला जमीन मिळते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. गाड्या सामानाने खच्चून भरलेल्या, त्यामुळे बहुतेक सगळे पायीच चालत. एखाद्या लहानग्यापुरती जागा गाडीत निघायची.

वाटेत तापाची साथ आली. स्वतःची गाडी नसलेले, तांड्याबरोबर पायी निघालेले चार वर्षांच्या आंतोनचे आईबाप दोघंही गेले. सगळे हळहळले. "पोर आता सगळ्यांचं," तांड्याचा म्होरक्या म्हणाला. आंतोनचे वार लागले. ज्या दिवशी ज्या गाडीचा वार, त्या दिवशी तिथेच बसायचं, तिथेच जेवायचं.

बुधवार नऊ वर्षांच्या मार्ताच्या घरचा. त्या बुधवारी मार्ताच्या टाचांना फोड आले होते.

"आंतोन, तू आज पुढच्या गाडीत जा ना," ती म्हणाली.

तो मुकाट्याने उतरला. मार्ता गोणीला टेकून बसली आणि तिचा डोळा लागला.

दुपारी तांडा थांबला. मार्ताच्या आईने विचारलं, "आंतोन कुठाय?"

मार्ता पुढच्या गाडीकडे धावली. "आमच्याकडे कशाला येईल? आमचा वार कालच झाला," तिथल्या काकू म्हणाल्या.

सातही गाड्या धुंडाळल्या. पोर कुठेच नव्हतं.

म्होरक्या खालमानेने म्हणाला, "भटकलं असेल कुठेतरी. मागे फिरता येणार नाही. पिंपांत एका दिवसाचंच पाणी आहे."

बायांनी आपापली मुलं जवळ ओढली. बैल जुंपायला सुरुवातसुद्धा झाली. मार्ता बघतच राहिली. ती गप्प बसली असती, तर कुणाला काही कळलं नसतं.

"तो भटकला नाही!" ती ओरडली. "मी त्याला उतरवलं. मला बसायचं होतं."

मार्ताच्या बापाचा हात उगारला गेला आणि तसाच थांबला. त्याने म्होरक्याचा घोडा सोडला, मार्ताला पुढ्यात घेतलं. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "आम्ही पोहोचलो तर पोहोचलो."

दोन कोस मागे, चाकोरीतून आंतोन चालत येत होता. एका पायात बूट नव्हता, ओठ फुटले होते. रडत मात्र नव्हता.

"काकू म्हणाल्या, आमचा वार नाही, खाली उतर," त्याने सांगितलं. मग मार्ताच्या बापाकडे बघत विचारलं, "आज कुणाचा वार आहे?"

मार्ताला हुंदका आवरेना. बापाने त्याला उचलून छातीशी धरलं.

ते परतले तेव्हा सातही गाड्या जागच्या जागीच उभ्या होत्या. काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या, पण त्यांना पोराकडे बघवेना.

"याचे वार आजपासून बंद," मार्ताचा बाप म्हणाला. "हा आमच्या घरचा."

दुसऱ्या दिवशी शेवटचं पिंप रिकामं झालं, तेव्हा कुठे नदी दिसली.

तात्पर्य एवढंच: 'सगळ्यांचं' मूल जगायचं, तर त्याला 'माझं' म्हणणारं एक तरी माणूस लागतं.