नानोजी पाटलाची विहीर

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे घरोघरी लहानसे आड होते. वाकून घागर बुडवावी इतकं पाणी वर असायचं, म्हणून पाण्याचा कुणी फारसा विचारच करत नसे.

त्या गावच्या नानोजी पाटलाने एका वर्षी ऊस लावला. गूळ चांगला झाला, तेव्हा पुढच्या वर्षी त्याने दुप्पट लावला. पाणी पुरेना. मग त्याने माळावर मोठी विहीर खणली आणि तिच्यावर दिवसरात्र मोटा चालवल्या. ऊस पुरुषभर वाढला. गावातले आड मात्र एकेक करून आटत गेले.

शेजारचा भिवा कुंभार पाटलाकडे आला. "पाटील, माती मळायला पाणी नाही. पोरांना प्यायलाही नाही. उन्हाळाभर तरी मोटा थांबवा."

"विहीर माझ्या रानात आहे, भिवा. तुझ्या आडातलं थेंबभर तरी मी उपसलंय का?"

"रानाला वरून बांध आहेत, पाटील. जमिनीच्या पोटात कुठले आलेत बांध?"

पाटलाने तंबाखू पुढे केली. भिवाने ती घेतली नाही. थोड्याच दिवसांत चाक आणि पोरंबाळं घेऊन तो गाव सोडून गेला. त्याच्यामागे कोष्टी गेले, गवळी गेले. राहिलेल्यांच्या मुलांना कुणी मुली देईना, तेव्हा तेही गेले. पाटलाला वाईट वाटलं. पण त्यांच्या मोकळ्या रानातही त्याने ऊसच लावला.

पुढे पावसाने ओढ दिली. पाटलाने खडक फोडून विहीर आणखी खोल नेली. एके दिवशी मोट वर आली ती चिखल घेऊन. ऊस जागेवर वाळला. बैल गेले, गडीमाणसंही गेली. एवढ्या मोठ्या गावात पाटील आणि त्याची बायको गोदा, एवढी दोघंच उरली.

गोदा डोंगरापलीकडच्या झऱ्यावर पाण्याला जाई. "मी येतो," असं पाटील म्हणाला की ती म्हणे, "तुमच्या गुडघ्यांना चढ झेपायचा नाही. बसा घरी."

एका दुपारी ती परतली नाही. पाटील काठी टेकत डोंगर चढला. वाटेवर गोदा कातळाला टेकून बसली होती. शेजारी घागर काठोकाठ भरलेली होती. त्याने हाक मारली, खांदा हलवला. श्वास केव्हाच थांबला होता. त्याने ओंजळभर पाणी तिच्या तोंडात घातलं. ते ओठांवरून ओघळून मातीत गेलं.

तिला न्यायला माणसं हवी होती. पाटील गावात आला. भिवाच्या दारात उभं राहून त्याने हाक मारली, मग कोष्ट्यांच्या, मग गवळ्यांच्या. दारं सताड उघडी होती. आत कुणी नव्हतं.

तो पुन्हा वर गेला आणि तिच्यावर एकेक दगड रचत राहिला.

लहानथोरांनो, सगळ्यांचं पाणी जो आपल्या एकट्याचं मानतो, तो शेवटी एकटाच उरतो.