निरोपाचा धडा

“मग सर, जर्मन भरू की जपानी?”

विचारल्यावर स्वरदाला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

सकाळी दूध तापत असताना विद्यापीठाची प्रवेशयादी लागल्याचा मेसेज आला. तिचं नाव पहिलं होतं. भाषा कोणती घ्यायची, ते पाचच्या आत भरायचं होतं.

नाडगौडा सरांच्या पत्नी, सुमतीकाकू, गेल्याला आठवडा झाला होता. भेटायला जाणं ती रोज उद्यावर टाकत होती. आज कारण मिळालं. पेढ्यांचा पुडा मात्र तिने स्कूटरच्या डिकीतच ठेवला.

“तुझं काय म्हणणं?” सरांनी विचारलं.

“जर्मनच्या तीन परीक्षा झाल्यात. जपानीही वर्षभरात बोलेन. भाषा मला कधी जड गेली नाही, सर.”

“नसेल गेली.”

टेबलावर जाडजूड रशियन शब्दकोश होता. त्यावर काकूंचा चष्मा.

“अर्धा तास झाला तुला येऊन,” सर म्हणाले. “काय काय बोललीस?”

यादी, मार्क, फॉर्म... स्वरदाने मान खाली घातली.

“काकूंबद्दल काय बोलावं ते सुचेना, सर.”

“किती भाषांत?”

स्वरदाची नजर काकूंच्या चष्म्यावर गेली. सरांचीही.

“भाषेच्या पुस्तकात पहिला धडा कसला असतो गं?”

“नमस्काराचा. निरोपाचा.”

“तो मी एकतीस वर्षं शिकवला...” सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

चार वाजून गेले होते. स्वरदा उठली. दारात चपला घालता घालता सवयीने बोलून गेली, “येते, सर.”

आणि तिने जीभ चावली. दुखवट्याच्या घरातून ‘येते’ म्हणून निघायचं नसतं. आईने तीनदा बजावून पाठवलं होतं.

“चुकलं, सर. तोंडातून निघून गेलं...”

सर भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आले.

“ये,” ते म्हणाले. मग तिच्याकडे नीट पाहून पुन्हा म्हणाले, “ये हं, बाळ.”

तिचा पाय निघेना.

“सर, फॉर्ममध्ये काय भरू?”

सरांचं लक्ष फाटकाकडे होतं.

“दवाखान्यात निघाली, तेव्हा ती इथूनच म्हणाली, ‘येते हं.’ मी एक भाषांतर तपासत होतो... ‘ये’ म्हणायचं राहिलं.”