अँटेनाची जागा

मंदाकिनीबाई वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या होत्या, तेव्हा जिल्ह्याहून फोन आला. गावातल्या मुलींसाठी नर्सिंगचे ऑनलाइन वर्ग मंजूर झाले होते. पण सोमवारपर्यंत वाचनालयाच्या संगणकाला इंटरनेट आलं नाही, तर ते दुसऱ्या गावाला जाणार होते.

बाईंच्या यजमानांनी आजारी पडण्यापूर्वी वायफायचं कार्ड आणून ठेवलं होतं. ते गेल्यापासून कार्ड खणातच होतं. बाईंनी संगणक उघडून ते बसवलं, त्याच्या दोन अँटेना टेबलावर उभ्या केल्या आणि समोरच्या शाळेचं वायफाय मिळालं.

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब खानविलकर आले. टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची, दादासाहेबांची तसबीर होती.

"बाई, दादासाहेबांपुढे ही शिंगं कसली? लोखंडी कपाटामागे टाका."

"तिथे ठेवून पाहिलं. वायफाय तुटतं."

"लहरी कुठूनही पोचतात. मला शिकवू नका."

"बरं. मग दादासाहेबांची तसबीरही कपाटामागे लावू या? त्यांचे आशीर्वाद कुठूनही पोचतात, असं आपण दर भाषणात सांगता."

"भलतंच काय? तसबीर समोरच हवी. आडोशाला ठेवून उपयोग काय तिचा?"

"अँटेनाचंही तेवढंच म्हणणं आहे, नानासाहेब."

नानासाहेबांनी एकदा तसबिरीकडे पाहिलं. मग त्यांनी कलंडलेली एक अँटेना स्वतःच्या हाताने सरळ केली.

सोमवारी वर्ग सुरू झाला. मुलींना खुर्च्या कमी पडल्या.

बाईंच्या यजमानांचा फोटो मात्र अजून घरच्या कपाटातच आहे. तो भिंतीवर लावायचा राहिला आहे.