डोहावरचा खंड्या

गावाखालच्या डोहाकडे उतरणारी ही पायवाट पाहा. काठ उंच, उतार अवघड, आणि खाली मासा नावालाही नाही. तरी वाट चांगली झिजलेली आहे. त्याचं कारण मासेमारी करणाऱ्या भोयांची म्हातारी माणसं असं सांगतात.

फार पूर्वी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. नदी आटली, एवढा डोह उरला. त्यातला मासा हेच पुढच्या सालाचं बियाणं. तेव्हा भोयांचा जाणता सटवाजी याने पाण्यातल्या देवता साती आसरांना भंडारा वाहून शपथ घेतली म्हणे, की नदी वाहती होईपर्यंत डोहाला माणसाचा पाय लागणार नाही. राखण तो वरच्या काठावरून करी. पाण्यातल्या वाळक्या खुंटावर निळा खंड्या बसे, माशासाठी सूर मारी. सटवाजी गावाला सांगे, "खंड्या हाय तवर मासा जिता हाय."

वैशाखात लोकांच्या पोटाला काही उरलं नाही. सटवाजीची नात अंथरुणाला खिळली. सून रंगू म्हणाली, "मामंजी, एकदा खाली उतरून बघा. बियाणं ऱ्हाऊ द्या, चार मासं तरी आणा."

"आसरांचा कोप व्हईल. आन् खंड्या बसलाय की. जित्या माशाबिगर त्यो बसंल व्हय?"

खुंटावर खरंच निळं काही चमकत होतं. पाण्याकडे झेपावत होतं, परत येऊन बसत होतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा दुरून डोहही साजरा दिसला. वारा पलीकडे वाहत होता, म्हणून वासही आला नाही.

नातीला मान उचलवेना, तेव्हा सटवाजीने शपथ मोडली आणि जाळं घेऊन तो खाली उतरला. जवळ जाताच खुंटावरचा खंड्या घोंघावत फुटला. त्या निळ्या माश्या होत्या. खंड्या जित्या माशावर येतो, निळी माशी मेल्या माशावर, हे भोयाच्या लेकरालाही कळतं. पण लांबून, उन्हात, दोघांचा रंग एकच. डोहातला मासा केव्हाच मरून सडला होता. वेळेवर काढला असता तर गाव तगलं असतं.

सटवाजी रिकाम्या जाळ्याने वर आला. रंगूने विचारलं, "व्हता का खंड्या?" त्याने जाळं तिच्यापुढे टाकलं. नात त्याच संध्याकाळी गेली. पुढे पाऊस झाला, नदीही वाहिली, पण बियाणंच उरलं नव्हतं.

आजही चैत्रात रोज भोयांचा जाणता ही वाट उतरतो आणि डोहात हात घालून पाहतो. दुरून पाहिलेलं इथे कुणी खरं धरत नाही. एखादा खंड्या येतो, थोडा वेळ बसतो आणि सूर न मारताच उडून जातो. जाणता ओला हात धोतराला पुसून वर येतो. त्याला कुणी काही विचारत नाही.