क्षमेच्या ओळीपाशी थांबलेली प्रार्थना

वसईकडच्या आमच्या गावात शाळेचे विश्वस्त पास्कू तुस्कानो म्हणजे बडं प्रस्थ. धर्मशिक्षणाच्या तासाला येऊन त्यांनी चौथीतल्या रेमेदीला प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली. ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो’ ही ओळ आली आणि पोर गप्प झाली.

“एवढंही पाठ नाही? फिलोमिना टीचर, उद्यापासून हा वर्ग दुसऱ्या बाई घेतील.”

बावीस वर्षं जिवापाड जपलेला वर्ग. पण टीचरची मान ताठच.

“पाठ आहे, सर. पण माफ केल्याशिवाय ती ओळ म्हणायची नाही, हा आमचा नियम. हिचं मैत्रिणीशी भांडण झालंय. तेवढी ओळ तुम्हीच म्हणा ना.”

कुंपणाच्या वादावरून पास्कूंचा सख्ख्या भावाशी अकरा वर्षांचा अबोला. ‘जशी आम्ही...’ एवढंच म्हणून ते वर्गाबाहेर पडले.

वर्ग टीचरकडेच राहिला. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर पास्कू भावाच्या दारात उभे होते.